लाईट गेली की बरा होणारा फ्रिज

मागच्या मे महिन्यातली गोष्ट. आमच्या सोलापुरात तेव्हा पारा ४२ च्या खाली यायला तयार नव्हता, आणि मी फ्रिज दुरुस्त करणारा, त्यामुळे अशा दिवसांत माझा फोन सकाळी सातला सुरू होतो तो रात्री जेवायला बसलो तरी वाजत असतो. त्या दिवशी पहिलाच फोन जुळे सोलापुरातून, एक ताई बोलत होत्या, म्हणाल्या दादा फ्रिज खाली अजिबात थंड करत नाही, कॉम्प्रेसर गेलाय असं सांगितलंय, तुम्ही किती घेता तेवढं सांगा. मी म्हटलं आधी बघू तर द्या. मग त्या जरा थांबल्या आणि म्हणाल्या, सासूबाईंचं इन्शुलिन असतं हो फ्रिजमध्ये. मी बाकीचे दोन कॉल दुपारवर ढकलले आणि आधी तिकडेच गेलो.

फ्रिज डबल डोअर, फ्रॉस्ट फ्री म्हणजे आतला बर्फ आपोआप वितळवणारा, सहा-सात वर्षांचा. खाली दूध नासलेलं, कोथिंबीर काळी पडलेली. वर फ्रीजरमध्ये मात्र बर्फाचा ट्रे जमलेला होता, फक्त आईस्क्रीम थोडं मऊ. आजी माठाजवळ बसल्या होत्या. इन्शुलिनच्या तीन नव्या बाटल्या त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून स्टीलच्या डब्यात घातल्या होत्या आणि तो डबा एका मडक्यात ओल्या वाळूत पुरून ठेवला होता, वाळूवर दिवसातून चार वेळा पाणी शिंपडायच्या. बघून मला खरंच आदर वाटला. शेजारच्या कुणीतरी सांगितलं होतं की आमच्या फ्रीजरमध्ये ठेवा, पण आजींनी ठेवलं नाही आणि ते फार बरं केलं, कारण इन्शुलिन एकदा गोठलं की फेकूनच द्यावं लागतं.

मी बसून आधी सगळं विचारून घेतलं. ताईंनी सांगितलं, दीड महिन्यापूर्वी पहिल्यांदा असं झालं तेव्हा एक जण आला, गॅस गेलाय म्हणाला, अडीच हजार घेतले, गॅस भरला, आठ दिवस फ्रिज एकदम मस्त चालला आणि परत तेच. पुन्हा बोलावलं तर म्हणाला आता कॉम्प्रेसरच बदलावा लागेल, साडेसात हजार. एवढे पैसे लगेच नव्हते म्हणून थांबले. मधे वळवाचा पाऊस झाला, वारं सुटलं, तारा तुटल्या, रात्री आठला गेलेली लाईट दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचला आली. "आणि दादा, गंमत बघा, त्यानंतर परत आठवडाभर चांगला चालला. आमचा फ्रिज लाईट गेली की बरा होतो."

हे वाक्य ऐकलं आणि माझं निम्मं काम तिथेच झालं. गॅस लीक असेल किंवा कॉम्प्रेसर गेला असेल तर लाईट जाऊन आल्यावर फ्रिज आठ दिवस सुधारत नाही. बंद राहिल्याने एकच गोष्ट होते, आत साचलेला बर्फ वितळतो.

अशा फ्रॉस्ट फ्रीमध्ये गार करणारी कॉइल सहसा एकच असते, फ्रीजरच्या मागच्या पॅनलआड. तिथला गार वारा फॅन वर फिरवतो आणि त्यातलाच थोडा एका डक्टमधून खाली सोडतो. कॉइलवर बर्फ धरणारच, म्हणून टायमर दर आठ-दहा तासांनी कॉम्प्रेसर थांबवतो आणि कॉइलखालचा हीटर चालू करतो, बर्फ वितळून पाणी मागच्या ट्रेमध्ये जातं. हा हीटर चाललाच नाही तर बर्फ वाढत वाढत कॉइल पूर्ण बुजते, वाऱ्याला जागा राहत नाही, आणि मग वर जेमतेम गार आणि खाली गरम. अगदी हेच समोर दिसत होतं.

तरी अंदाजावर कुणाचं मशीन खोलायचं नाही म्हणून तारेभोवती अडकवून करंट मोजायचा क्लॅम्प मीटर लावला, कॉम्प्रेसर ०.९ अँपिअर घेत होता, त्यातून गॅस बाहेर नेणारा डिस्चार्जचा पाइप चटका बसेल इतका गरम, बाजूच्या भिंती कोमट. म्हणजे कॉम्प्रेसर धडधाकट. मागचा ट्रे बघितला तर कोरडा ठणठणीत, वर धूळ बसलेली, महिनाभर त्यात थेंब पडला नसेल. दार बंद झालं की दाबलं जाणारं बटण हाताने दाबून धरलं तर आतून फॅनची खरखर, पाती बर्फाला घासत होती.

फ्रिज बंद करून पॅनल काढायला गेलो तर तेही बर्फात चिकटलेलं. ताईंचा मुलगा पटकन स्क्रू ड्रायव्हर घेऊन बर्फ फोडायला पुढे आला, मी त्याचा हातच धरला. तिथली ट्यूब अॅल्युमिनियमची, एक टोचा बसला की गॅस खरोखरच गेला. हेअर ड्रायर आणि कोमट पाणी, दीड तास. बर्फ मात्र वरपासून खालपर्यंत सारखा जमलेला होता. गॅस कमी असता तर कॉइलच्या सुरुवातीलाच थोडा बर्फ दिसला असता आणि पुढची कॉइल उघडी राहिली असती. म्हणजे त्या अडीच हजारांची गरजच नव्हती. गॅस भरायला त्याने फ्रिज अर्धा दिवस उघडा ठेवला, बर्फ वितळला, फ्रिज चालला, आणि सगळ्यांना वाटलं गॅसने चालला. त्याने मुद्दाम फसवलं असं मी म्हणणार नाही, पण पुन्हा आल्यावर सरळ साडेसात हजारांचा आकडा सांगण्याआधी एकदा पॅनल काढायला पाहिजे होतं याचा मला आजही राग येतो, कारण घर साधं होतं, एकाच पगारावर चालणारं.

मीटर लावला. हीटर तीनशे ओहमच्या आसपास, म्हणजे चांगला. पण जास्त तापलं की हीटरचा करंट तोडणारा थर्मल फ्यूज उडालेला. नुसता फ्यूज बदलून निघालो असतो तर थोड्याच दिवसांत मलाच शिव्या बसल्या असत्या. फ्यूज उगाच उडत नाही. बायमेटल, म्हणजे गार-गरम बघून हीटरचा करंट जोडणारा-तोडणारा स्विच, काढून तपासला, तो कॉइल मायनसमध्ये गेल्यावर जोडला जायला पाहिजे आणि गरम झाल्यावर सुटायला पाहिजे. इथे खोलीत चाळीस डिग्री आणि हा अजून जोडलेलाच! चिकटून बसलेला. म्हणजे बर्फ वितळून गेला तरी हीटर तापतच राहायचा आणि शेवटी फ्यूजने जीव दिला. दोन्ही नवीन आणले.

बसवल्यावर लगेच डीफ्रॉस्ट, म्हणजे हीटरने बर्फ वितळवणं, तपासता येत नाही, नवा बायमेटल गरम असतो, तो हीटरला करंट जाऊच देत नाही. म्हणून फ्रिज चालू करून बाकीचे कॉल उरकले आणि रात्री साडेआठला परत गेलो. टायमरचा खुंटा स्क्रू ड्रायव्हरने हळूहळू फिरवला, टक्क आवाज आला, कॉम्प्रेसर थांबला आणि मीटरवर अर्ध्या अँपिअरच्या वर करंट दिसला. हीटर चालू. वीसेक मिनिटांनी बायमेटलने तोडला आणि मागच्या ट्रेमध्ये टप टप पाणी पडायला लागलं. तो आवाज मी बॅटरी धरून ऐकत बसलो होतो, मुलगाही शेजारी वाकून बघत होता.

सगळे मिळून नऊशे घेतले. ताई पुन्हा पुन्हा विचारत होत्या, कॉम्प्रेसरचं काय? मी म्हटलं त्याला हात लावायचा नाही.

जाताना मधल्या कप्प्यात ग्लासभर पाण्यात थर्मामीटर ठेवून आलो आणि सकाळी फोनवर आकडा विचारला, पाच. पण आठ दिवस जाईपर्यंत मला खात्री नव्हती, कारण आठ दिवस तर तो आधीही चालायचा. बाराव्या दिवशी मीच फोन केला. आजींनी उचलला. म्हणाल्या छान गार आहे, दूध नासत नाही, पण मी अजून औषध मडक्यातच ठेवलंय, तू सांगशील तेव्हा हलवीन म्हटलं. मी सांगितलं, आजी आता हलवा, मधल्या कप्प्यात ठेवा, दारात नको आणि मागच्या भिंतीला टेकवून नको. त्यांनी फोन तसाच चालू ठेवला, फ्रिजचं दार उघडल्याचा आवाज आला, मग डबा ठेवल्याचा, आणि मग विचारलं, "इथे, लोण्याच्या वाटीशेजारी चालेल ना?"