‘घरात कुणाला काही आजार?’ हा प्रश्न मी नव्याने शिकले

नर्स म्हणून वॉर्डात अठरा वर्षं काढल्यावर माझं नाव जीनोमिक्सच्या, म्हणजे माणसाच्या जनुकांच्या अभ्यासाच्या, प्रशिक्षणात आलं. पहिले दोन तास सगळं डोक्यावरून गेलं. जनुक, गुणसूत्र हे शब्द शिकताना पाठ केले होते, पण सलाइन लावताना त्यांची कधी गरज पडली नव्हती.

विषयात शिरता आलं ते औषधांमुळे. कोडीन हे दुखणं कमी करणारं औषध मी कित्येकांना दिलंय. यकृतातलं सीवायपी२डी६ नावाचं एन्झाइम त्यातल्या काही भागाचं मॉर्फिन करतं आणि मुख्यतः त्यानेच दुखणं थांबतं. काहींच्या जनुकांमुळे हे एन्झाइम जवळपास चालतच नाही, तर काहींमध्ये फार जोरात चालतं. त्यामुळे तेवढ्याच डोसवर एक पेशंट कण्हत राहतो आणि दुसऱ्याचा श्वास मंदावू शकतो. टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेनंतर काही मुलं दगावली, म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१३ मध्ये कडक इशारा दिला आणि २०१७ मध्ये बारा वर्षांखालच्या मुलांना कोडीन देऊच नये असं सांगितलं. हे ऐकताना मला एक जुने पेशंट आठवले. ‘सिस्टर, गोळीने काहीच फरक नाही हो,’ असं ते रोज म्हणायचे आणि ड्युटी बदलताना आम्ही ‘सहनशक्ती कमी’ एवढंच पुढे सांगायचो. त्यांच्या बाबतीत कारण जनुकांचंच होतं असं मी म्हणणार नाही. पण त्यांच्या बोलण्यावर विश्वास ठेवायला हवा होता, हे आजही सलतं.

मग वंशावळ काढायला शिकलो. पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ, गेलेल्या माणसावर तिरकी रेघ. निदान तीन पिढ्या. आजार कोणत्या वयात झाला, हेही लिहायचं. इथे मराठी फार कामी येते. आत्या म्हटलं की वडिलांकडची, मावशी म्हटलं की आईकडची. बाजू वेगळी विचारावीच लागत नाही.

प्रशिक्षणानंतर काही दिवसांनी एक ताई छोट्या शस्त्रक्रियेसाठी दाखल झाल्या. केसपेपरवर ‘कौटुंबिक आजार: नाही’ असं लिहिलेलं होतं. मी पेन्सिल घेऊन शेजारी बसले. आईकडे खरंच काही नव्हतं. वडिलांकडचं विचारलं, तर एक आत्या अडतिसाव्या वर्षी स्तनाच्या कर्करोगाने गेलेली, चुलत बहिणीला अंडाशयाचा कर्करोग. ‘पण हे आईकडूनच येतं ना?’ ताईंनी विचारलं. या कर्करोगांचा धोका वाढवणारा बीआरसीए जनुकातला बदल वडिलांकडूनही येतो, त्यांना स्वतःला काहीही झालेलं नसलं तरी, आणि प्रत्येक अपत्यात तो उतरण्याची शक्यता निम्मी असते. अर्थ लावणं माझं काम नव्हतं. मी कागद डॉक्टरांना दाखवला, त्यांनी ताईंना जनुकीय समुपदेशकांकडे पाठवलं.

काही महिन्यांनी ताई भावाला घेऊन भेटायला आल्या. तपासणीत बदल सापडला होता. ‘मी पुरुष, मला कशाला तपासायचं?’ भावाचा प्रश्न होता. मी नवा कागद घेतला, त्यांच्या वडिलांचा चौकोन काढला आणि त्याच्याखाली ताईंचं वर्तुळ आणि भावाचा चौकोन.

‘तुम्हाला मुलं किती?’ मी विचारलं.

‘दोन मुली,’ ते म्हणाले आणि खुर्ची पुढे ओढून बसले.