रॅफल्सचा पुतळा आणि फार्करचं बंदर

आज सिंगापूर नदीकाठी रॅफल्सचा पांढराशुभ्र पुतळा पाहिला. रॅफल्स म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी, ज्याला आधुनिक सिंगापूरचा संस्थापक मानतात. हाताची घडी, ताठ मान, मागे बँकांचे टॉवर. फोटोसाठी ही गर्दी!

६ फेब्रुवारी १८१९ ला करार झाला. जोहोरचा सुलतान हुसेन याला वर्षाला ५००० स्पॅनिश डॉलर, तेमेंगाँगला (इथल्या मलय सरदाराला) ३०००, आणि ईस्ट इंडिया कंपनीला इथे वखार. दुसऱ्याच दिवशी रॅफल्स जहाजात बसून निघूनही गेला. जंगल तोडणं, मलाक्का या जवळच्या बंदरातून माणसं बोलावणं, हाताशी पैसा नसताना बिनजकातीचं बंदर चालवून दाखवणं, हे सगळं कंपनीचा इथला पहिला रेसिडेंट (प्रमुख अधिकारी) विल्यम फार्करने केलं. १८२३ मध्ये रॅफल्सनेच त्याला पदावरून काढलं. फार वाईट वाटतं.

फार्करने स्थानिक चित्रकारांकडून प्राण्या-पक्ष्यांची सुंदर चित्रं काढून घेतली होती. ती नॅशनल म्युझियमकडे आहेत. उद्या मुलांना घेऊन तिकडेच.