हरिश्चंद्रगडावरची खर्चुडी ओळखताना

हरिश्चंद्रगडाच्या उतारावर, कातळाच्या फटीत साचलेल्या मूठभर मातीत, आधाराला न वेटाळता सरळ उभी राहिलेली खर्चुडी, म्हणजेच कंदीलपुष्पाची वनस्पती, मला आषाढात दिसली आणि तिची जात नक्की करायचे मी ठरवले. कंदीलपुष्पाच्या बहुतेक जाती वेली असतात. सरळ उभ्या वाढणाऱ्या जातीही सह्याद्रीत आहेत, पण फुलांशिवाय त्या एकमेकींपासून वेगळ्या काढणे अवघड असते. त्यामुळे भाद्रपदापर्यंत वाट पाहणे भाग होते.

कंद उकरून पाहायचा नाही, हे मी आधीच ठरवले होते. पावसाळा सरला की जमिनीवरचा सगळा भाग वाळून जातो आणि पुढच्या पावसापर्यंत ही वनस्पती केवळ कंदाच्या जोरावर तग धरते. शिवाय हे कंद गुराखी खातात, रानडुकरेही उकरतात. माझ्या मते ओळख पटवण्यासाठी कंद काढणे कोणत्याही परिस्थितीत समर्थनीय नाही.

फुले आल्यावर खरी अडचण पुढे आली. जात ठरवणारे किरीट, म्हणजे परागपुंजांभोवतीची बारीक उपांगांची दोन वलये, फुलाच्या नळीच्या फुगीर तळाशी दडलेले असते. याच तळाशी लहान माशा अडकतात: पाकळ्यांमधल्या फटीतून त्या आत शिरतात, खाली वळलेल्या केसांमुळे त्यांना परतता येत नाही, आणि केस कोमेजल्यावर त्या परागपुंज घेऊन बाहेर पडतात. चालू असलेले हे परागीभवन मोडून फूल कापणे मला पटेना. परागीभवन न झालेली फुले आपोआप गळतात, तेव्हा तेवढे एक फूल पुरेसे होते. मात्र हा परिसर १९८६ पासून अभयारण्य असल्याने ते उचलण्यासाठीही वनखात्याकडे लेखी अर्ज करावा लागला, आणि हा नियम योग्यच आहे.

परवानगी मिळाल्यावर गळालेले फूल पात्याने उभे चिरून किरीट भिंगाखाली पाहिले, खोड, पाने आणि पाकळ्यांच्या छायाचित्रांसह ते वनस्पतिशास्त्राच्या एका प्राध्यापकांना दाखवले, आणि त्यांनी वनस्पतिसंग्रहातील नमुन्यांशी ताडून ‘सेरोपेजिया लॉई’ अशी ओळख निश्चित केली. नेमके ठिकाण मी फक्त वनखात्याला कळवले आहे. छायाचित्रांखाली ‘अकोले तालुका’ एवढेच लिहिले आहे.