पब्लिकची जमीन बिल्डरला दिली म्हणे

सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या अलामिडा या बेटावरच्या शहरात नवीन घरांचा विषय निघाला की दोन मिनिटांत कोणीतरी म्हणतंच, "पब्लिकची जमीन बिल्डरच्या घशात घातली." एन्सिनल टर्मिनल्स या तिथल्या जुन्या बंदराच्या जागेबद्दल तर हे इतक्यांदा ऐकलंय की शेवटी लिहायला बसलो. तिथला व्यवहार विक्रीचा नाही, अदलाबदलीचा आहे. भांडायला जागा आहे, नाही असं नाही, पण ती दुसरीकडेच आहे असं मला वाटतं.

आधी जागा कशी आहे ते बघा. बेटाच्या उत्तरेला, ओकलंडच्या समोर, साधारण ३२ एकर आणि तीन बाजूंनी पाणी. अलास्काला सॅमनसाठी जाणारी अलास्का पॅकर्सची शिडाची जहाजं हिवाळ्यात इथेच शेजारच्या बेसिनमध्ये येऊन थांबायची (सॅन डिएगोत आता म्युझियम होऊन बसलेलं 'स्टार ऑफ इंडिया' त्याच ताफ्यातलं). पुढे कंटेनर आले, मग तेही गेले, आणि उरलं काय तर डांबर, कुंपण आणि कुजत चाललेला लाकडी धक्का. यातली बरीच जमीन खाजगी, पण मधूनच एक सरकारी तुकडा जातो. तो टाइडलँड्सचा, म्हणजे मूळची भरतीच्या पाण्याखालची जमीन, जी राज्याच्या वतीने शहर सांभाळतं.

हा टाइडलँड्सचा प्रकार खूप जुना आहे. समुद्र आणि समुद्राचा काठ सगळ्यांचा, हे रोमन कायद्यातच होतं. कॅलिफोर्निया १८५० मध्ये राज्य झालं तेव्हा भरती-ओहोटीच्या मधली जमीन राज्याकडे आली, पण मालक म्हणून नाही, लोकांची विश्वस्त म्हणून. आता विश्वस्ताने विकायची नसते म्हणून काय लोक थांबतात होय? सॅन फ्रान्सिस्कोत त्याच्याही आधी, १८४७ पासून, चक्क पाण्याखालचे प्लॉट लिलावात विकले, लोकांनी भराव टाकले, आज डाउनटाउनच्या काही इमारतींच्या खाली जुनी जहाजं गाडलेली आहेत. तिकडे इलिनॉयने १८६९ मध्ये शिकागोसमोरचा लेक मिशिगनचा हजारेक एकर तळ एका रेल्वे कंपनीला देऊन टाकला, चार वर्षांनी चूक कळल्यावर परत घेतला, आणि १८९२ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की बरोबर केलंत, असली जमीन अशी वाटून टाकता येतच नाही. कॅलिफोर्नियाने तर त्याआधीच, १८७९ च्या राज्यघटनेत, शहरांजवळच्या टाइडलँड्स खाजगी लोकांना विकायला बंदी घातली होती.

आता गंमत बघा. या जमिनीवर बंदर चालतं, मरिना चालते, बाग चालते, हॉटेलसुद्धा चालतं कारण तिथे बाहेरून कोणीही येऊन राहू शकतो. पण घर चालत नाही! घर एकदा कोणाचं झालं की बाकीच्यांना दार बंद, आणि राहायला पाण्याला लागूनच असायला हवं असंही काही नाही. तर्क मला पटतो, फक्त घरांची एवढी बोंब असलेल्या बे एरियात तो ऐकायला जरा विचित्र वाटतो. अलामिडाला राज्याने २०२३ ते २०३१ साठी ५,३५३ घरांची जागा दाखवायला सांगितलीय, ती बेटावर आणायची कुठून?

म्हणून अदलाबदल. भराव पडून जो तुकडा पाण्यापासून तुटलाय, ज्याचा ना बोटींना उपयोग ना फिरायला, त्याच्यावरचा ट्रस्ट, म्हणजे जमीन लोकांसाठी राखून ठेवायचं बंधन, उठवायचा आणि तेवढ्याच किंवा जास्त किमतीच्या, काठाला लागून असलेल्या जमिनीवर बसवायचा. वर स्टेट लँड्स कमिशनची, म्हणजे राज्याच्या अशा जमिनींवर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेची मंजुरी लागते, आणि अलामिडाच्या चार्टरप्रमाणे, म्हणजे शहराच्या घटनेप्रमाणे, शहराची जमीन द्यायची तर सिटी कौन्सिलची पाचपैकी चार मतं. म्हणजे कोणी रात्रीत सही करून मोकळं झालं असं होत नाही. एन्सिनलच्या प्लॅनमध्ये मधल्या भागात ५८९ घरं आणि कडेकडेने लोकांसाठी मोकळा किनारा, बे ट्रेल या खाडीकाठच्या पायवाटेसकट. आज तिथे कुंपणाच्या आत पब्लिकची जमीन आहे खरी, पण पब्लिकने ती कधी पाहिलीय का?

हा काही पहिला प्रयोग नाही. ओकलंडच्या ब्रुकलिन बेसिनसाठी २००४ मध्ये राज्याने वेगळा कायदाच केला, तिथे मूळ प्लॅन ३,१०० घरांचा आणि जुन्या नाइन्थ अव्हेन्यू टर्मिनलच्या जागी टाउनशिप कॉमन्स ही बाग. बाग मस्त आहे, जाऊन या. सॅन फ्रान्सिस्कोच्या ट्रेझर आयलंडवर तर ट्रस्ट अख्ख्या वेगळ्या बेटावर गेला! म्हणजे १९३९ च्या प्रदर्शनासाठी भराव टाकून बनवलेल्या बेटाच्या मधल्या भागातून उठवून शेजारच्या नैसर्गिक यर्बा बुएनाच्या काही जमिनीवर बसवला.

आता माझा मुद्दा. यर्बा बुएना हा डोंगर आहे, पाणी वाढलं तरी तो जागेवर राहणार. एन्सिनलसारख्या ठिकाणी मात्र लोकांच्या वाट्याला येतो तो काठ, आणि काठ म्हणजे कुजलेला धक्का, जुनी भिंत आणि समुद्र चढला की सगळ्यात आधी भिजणारी पट्टी. बिल्डरला मिळते मधली कोरडी, भक्कम जमीन. मूल्यांकनाच्या कागदावर दोन्ही बाजू बरोबर दिसतात, कारण वॉटरफ्रंटला भाव असतो, पण तो धक्का दुरुस्त करायचा खर्च आणि तीस वर्षांनी भिंत उंच करायचा खर्च कोणाच्या खात्यात, यावर सौदा चांगला की वाईट ते ठरतं. डेव्हलपरने घरं विकण्याआधी धक्का नीट करून द्यायचा, आणि पुढच्या देखभालीसाठी तिथल्या घरमालकांकडून दरवर्षी पैसे जमा होत राहतील अशी कायमची सोय आधीच करून ठेवायची, एवढं लिहून घेतलं तर मी अशा अदलाबदलीला डोळे मिटून हो म्हणेन. नाहीतर शहराने फुकटात एक दुखणं घेतलं म्हणायचं.

दुसरी बारीक गोष्ट, पण रोज दिसते. बे वाचवायचा कायदा, मॅकअटीर-पेट्रिस, १९६५ चा. त्यातून आलेलं बीसीडीसी, म्हणजे खाडीकाठच्या बांधकामावर नजर ठेवणारं राज्याचं कमिशन, काठापासून शंभर फुटांपर्यंतच्या बांधकामाला परवानगी देताना लोकांना शक्य तितकी वाट ठेवायला लावतं, पाट्याही असतात, 'पब्लिक शोअर' म्हणून. पण काही ठिकाणी वाट बाल्कन्यांच्या इतकी खालून जाते की आपण कोणाच्या अंगणात घुसलोय असं वाटतं, पार्किंग नाही, बाथरूम नाही, मग कोण येणार तिथे, वरच्या मजल्यावरचेच ना? त्यामुळे पुढच्या वेळी असा प्लॅन कौन्सिलपुढे आला की घरांचा आकडा नंतर बघा, आधी नकाशात वाटेची रुंदी किती, रस्त्यावरून तिथे शिरायचं कुठून आणि बाहेरच्या माणसाने गाडी लावायची कुठे ते शोधा, आणि नसेल तर बोलायला जी काही मिनिटं मिळतात त्यात हेच विचारा.