कॉन्ट्रा म्हणजे कोण रे भाऊ

कॉन्ट्रा म्हटलं की आमच्या पिढीला टीव्हीला जोडायचा तो व्हिडिओ गेम आठवतो, तीस लाईफवाला. त्या शब्दाला अर्थपण आहे हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. १९७९ मध्ये मध्य अमेरिकेतल्या निकाराग्वात सँडिनिस्टा या डाव्या क्रांतिकारकांनी सोमोसा या हुकूमशहाला पळवून लावलं, मग त्यांच्याविरुद्ध जे बंदुका घेऊन उभे राहिले ते 'कॉन्ट्रा', म्हणजे प्रतिक्रांतीसाठीच्या स्पॅनिश शब्दाचा शॉर्टफॉर्म. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रेगनसाहेब मात्र त्यांनाच स्वातंत्र्यसैनिक म्हणायचे, वर पैसाही पुरवायचे.

आपल्याकडे प्रतिक्रांती हा शब्द जास्त करून आंबेडकरी सभांमधे ऐकू येतो. बाबासाहेबांची मांडणी अशी की बुद्धाचा धम्म ही क्रांती, आणि शेवटचा मौर्य राजा बृहद्रथ याला मारून पुष्यमित्र शुंग गादीवर आला ती प्रतिक्रांती, मनुस्मृती पण त्याच काळातली. कोणाला पटेल कोणाला नाही, पण कोणती क्रांती, ती उलटवली कोणी, फायदा कोणाचा झाला हे सगळं त्यात सांगितलंय, त्यामुळे वाद घालता येतो. मला हा शब्द असा वापरलेला आवडतो.

रशियात तसं राहिलं नाही. डिसेंबर १९१७ मधे चेका ही गुप्त पोलीस संघटना निघाली, तिच्या पूर्ण नावातच प्रतिक्रांतीशी लढा होता. मार्च १९२१ ला क्रोनश्टाट या नाविक तळावरचे खलाशी सरकारविरुद्ध उठले, हेच खलाशी १९१७ मधे क्रांतीत सगळ्यात पुढे होते बरं का, आणि मागत काय होते तर सोव्हिएतच्या, म्हणजे कामगार-सैनिकांच्या परिषदांच्या, निवडणुका नव्याने आणि गुप्त मतदानाने घ्या. झाले प्रतिक्रांतिकारक! गोठलेल्या समुद्रावरून सैन्य घालून त्यांना चिरडलं, मोहिमेचा प्रमुख तुखाचेव्हस्की, आणि १९३७ मधे त्यालाच देशद्रोही ठरवून गोळी घातली. त्याच वर्षी मॉस्कोत सरोजिनी नायडूंचे भाऊ वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय यांनाही मारलं. अख्खं आयुष्य इंग्रजांविरुद्ध परदेशात वणवण केलेला माणूस, तो कुठल्या क्रांतीच्या आड येत होता? तोपर्यंत प्रतिक्रांतीच्या गुन्ह्यांसाठी कायद्यात कलम ५८ होतंच, त्यात नुसतं बोलणंही बसायचं आणि माहीत असून कळवलं नाही तेही.

चीनने प्रतिक्रांतीचा गुन्हा १९९७ मधे कायद्यातून काढला आणि त्याजागी राष्ट्रीय सुरक्षेला धोका असं नाव आणलं. जुन्या नावाखाली आत गेलेले बरेच जण मात्र त्यानंतरही आतच होते.