ईटा करिनी: एकटा वाटला, निघाली जोडी

ईटा करिनीबद्दल काहीही उघडा, पहिली ओळ तीच, ‘हा तारा कधीही फुटू शकतो!’ अहो फुटेल ना, पण खगोलशास्त्रातलं ‘कधीही’ म्हणजे उद्या किंवा हजारो वर्षांनी, त्यामुळे ते सोडा. मला जास्त भारी वाटतं ते हे की तिथे एक नाही, दोन तारे आहेत हे कसं कळलं.

कारण नुसतं बघून कळणं अवघडच होतं. १८३७ च्या डिसेंबरात इंग्रज खगोलशास्त्रज्ञ जॉन हर्शेल दक्षिण आफ्रिकेत केप ऑफ गुड होपला होता, त्याला हा तारा अचानक भडकलेला दिसला, आणि १८४३ मध्ये तर तो व्याधाच्या खालोखाल आकाशातला दोन नंबरचा तारा झाला, तेही साधारण साडेसात हजार प्रकाशवर्षांवरून! त्या भडक्यात निदान १० सूर्य होतील एवढा माल बाहेर फेकला गेला आणि आजही त्याचे दोन फुगे ताऱ्याभोवती पसरतायत, वायू आणि धुळीच्या या ढगाला होमुन्क्युलस नेब्युला म्हणतात. या धुळीच्या आड जोडीदार दिसणार कसा?

मग १९९६ मध्ये ब्राझीलचा खगोलशास्त्रज्ञ ऑगुस्तो दामिनेली याने दाखवलं की याच्या वर्णपटातल्या (म्हणजे उजेड रंगांत फोडून पाहिला की दिसणाऱ्या) काही रेषा दर साडेपाच वर्षांनी फिक्या पडतात. पुढची वेळ त्याने आधीच सांगितली, १९९७ च्या शेवटी, आणि तेव्हा खरंच रेषा फिकटल्या, ताऱ्याकडून येणारे क्ष-किरणही धाडकन घटले. इतकं ठरल्या वेळी घडतं म्हणजे एक जोडीदार साडेपाच वर्षांत एक फेरी मारतोय. मला विचाराल तर फोटोपेक्षा हा पुरावा कितीतरी सरस.

मोठा तारा सूर्याच्या ९०-१०० पट वजनाचा, धाकटा ३० पटीच्या आसपास, आणि दोघांचा मिळून उजेड म्हणाल तर सूर्याच्या ५० लाख पट. कक्षा इतकी लांबुडकी की लांब असताना सूर्य-नेपच्यूनएवढं अंतर आणि जवळ आले की सूर्य-मंगळाएवढंच. मोठ्याचा वारा, म्हणजे ताऱ्यातून सतत बाहेर वाहणारा वायू, सेकंदाला ४०० किमीच्या वर, पण दाट, धाकट्याचा ३००० किमी, हे दोन एकमेकांवर आदळून वायू कोट्यवधी अंश तापतो, क्ष-किरण येतात ते तिथूनच. अगदी जवळ आले की धाकटा मोठ्याच्या दाट वाऱ्यात बुडतो आणि क्ष-किरण काही आठवडे जवळजवळ बंद.

१८४३ चा भडका नेमका कशामुळे यावर अजून वाद आहे. काही जण म्हणतात मुळात तीन तारे होते, त्यातले दोन एकमेकांत मिसळले. मला हे पटतं.

आपल्याकडून दिसतो बरं का! एप्रिलमध्ये रात्री नऊच्या सुमारास दक्षिणेला बघा, मुंबईहून क्षितिजापासून जेमतेम ११ अंश वर, गोव्यातून अजून थोडा वर. अंधारी जागा आणि दुर्बीण हवी, शहरात नाद सोडा.