अभ्रा १ कमी

शनिवार, रात्र

कपाट आवरायला काढलं आणि चिरंजीवांनी मोजणी केली. ‘लिहावं कसं’ हे सांगणारी पुस्तकं १६. आईसाहेबांनी लिहून पूर्ण केलेल्या कथा ३. त्यातली एक साभार परत, एक कुठे गेली ते त्या संपादकांनाच ठाऊक, आणि एक छापून आली, तिच्यात माझं आडनाव चुकलं होतं. हिशोब बरोबर आहे. दिवसभर पतसंस्थेत दुसऱ्यांचे हिशोब जुळवते, त्यामुळे घरातला जुळला की जरा लागतंच.

खरं सांगायचं तर ही पुस्तकं वाचताना मला लिहिल्यासारखं वाटतं. तोच तर घोळ आहे. ऑफिसातून येऊन चहा घेऊन बसलं, वीस पानं वाचली, चार ओळींखाली रेघा मारल्या की दिवस सत्कारणी लागला असं वाटून झोप छान लागते. कथा बिचारी वहीत तशीच.

सोळातलं एक म्हणजे कादंबरीकार ना. सी. फडक्यांचं ‘प्रतिभासाधन’, मूळचं १९३१ सालचं. मला ते साताऱ्यात रद्दीवाल्याकडे वजनावर मिळालं. तंत्र, तंत्र म्हणून पुढच्यांनी फडक्यांना एवढं धोपटलंय, पण कथेत काय आधी सांगायचं आणि काय राखून ठेवायचं याचा विचार करण्यात लाज कसली, हे मला अजून समजलेलं नाही. माझ्या प्रतीच्या पहिल्या मालकाने (अक्षर पुरुषी वाटतं, नक्की नाही) सुरुवातीच्या चाळीसेक पानांत जवळजवळ प्रत्येक ओळीखाली पेन्सिल ओढली आहे. मग एकदम कोरं. शेवटच्या पानापर्यंत एकही खूण नाही. आणि मलपृष्ठाच्या आतल्या बाजूला, त्याच पेन्सिलीने:

सदरे ४
धोतरं २
लेंगे ३
अभ्रे २
आणि खाली, वेगळ्या दिवशी लिहिल्यासारखं: अभ्रा १ कमी. विचारणे.

पुस्तकातलं मी सर्वांत जास्त वेळा वाचलेलं पान हेच. ‘विचारणे’ मध्ये काय काय आहे! धोब्याला विचारायला त्याला संकोच वाटत होता का? की दोघांत आधीच काही झालं होतं? आणि विचारलं का शेवटी?

रविवार, दुपार

इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टरसाहेबांचं उदाहरण सगळे जण सांगतात. केंब्रिजच्या व्याख्यानांचं त्यांचं पुस्तक १९२७ मध्ये आलं, त्यात आहे. राजा मेला आणि मग राणी मेली, ही झाली गोष्ट. राजा मेला आणि त्या दुःखाने राणी मेली, हे झालं कथानक. हे फॉर्स्टर १९२१ मध्ये देवासला थोरल्या पातीच्या पवार महाराजांचे खासगी सचिव होते, म्हणजे मराठी दरबारात काही महिने राहिलेला माणूस. तिथे एखाद्या बाईने त्यांना श्रावणातली कहाणी वाचून दाखवली असती तर? आटपाट नगर होतं. तिथं एक राजा होता. त्याला दोन राण्या होत्या. एक आवडती, एक नावडती. संपलं. कुणी मरायची गरजच नाही, कथानक चौथ्या वाक्यात उभं. पुढचं सगळं त्या ‘नावडती’ने ओढून न्यायचं.

आणि शेवटी काय, साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण. अमेरिकन कादंबरीकार स्टीफन किंग लेखनावरच्या पुस्तकात सांगतो दुसऱ्या खर्ड्यात दहा टक्के कापा. आमच्या आज्या साठातली पाच ठेवायच्या!

किंगचं पुस्तक मात्र मला मनापासून आवडतं. ते अर्धवट असताना १९९९ च्या जूनमध्ये रस्त्याने चालताना त्याला व्हॅनने उडवलं, आणि पाय-कंबर मोडलेल्या अवस्थेतून उठून त्याने ते पुरं केलं; २००० मध्ये आलं. संपादकांच्या नकाराच्या चिठ्ठ्या तो पोरवयात भिंतीतल्या खिळ्याला टोचून ठेवायचा, आणि खिळ्याला भार पेलेना तेव्हा मोठा खिळा ठोकला. हे वाचून मीही खिळा शोधला होता. पण हल्ली कथा नाकारल्याचं कळवतंय कोण? पूर्वी स्वतःचा पत्ता घातलेलं तिकीट लावलेलं पाकीट सोबत जोडायचं, ते तरी घरी यायचं. आता मेल जाते आणि शांतता येते. शांतता खिळ्याला टोचता येत नाही.

किंगचा क्रियाविशेषणांवर भारी राग. नरकाचा रस्ता त्यांनीच फरसबंद केलाय म्हणतो. मी आज्ञाधारकपणे (हे बघा!) माझी कथा घेऊन बसले आणि सगळी छाटली. ‘शांतपणे म्हणाली’, ‘हताशपणे बघितलं’, ‘आश्चर्याने विचारलं’ गेली, आणि कुणाला काही दुखलं नाही. मग त्याच झपाट्यात ‘डोळ्यांत टचकन पाणी आलं’ मधलं टचकन काढलं. उरलं काय, तर डोळ्यांत पाणी आलं. नळाला येतं तसं. ‘गपकन खाली बसली’ मधलं गपकन काढलं तर ती बाई पंगतीला बसल्यासारखी दिसायला लागली. रात्री दोन्ही परत घातली. ‘-पणे’वाले अपराधी असतील, टचकन, गपकन, चटदिशी, भसाभसा यांच्यावर खटला चालवू नये. त्यांच्यात क्रियापदाहून जास्त क्रिया आहे.

तसंच ते कर्तरी-कर्मणीचं. अमेरिकेतल्या स्ट्रंक गुरुजींनी १९१८ मध्ये आपल्या विद्यार्थ्यांसाठी इंग्रजी नीट कसं लिहावं याचं छोटं पुस्तक काढलं, त्यांचाच विद्यार्थी ई. बी. व्हाइट याने १९५९ मध्ये ते वाढवलं, आणि तेव्हापासून दुनिया म्हणते कर्तरीत लिहा. आता ‘मी पत्र लिहिलं’ हा आपल्याकडे कर्मणी. खाल्लं, केलं, पाहिलं, सगळं कर्मणी. मराठी माणूस कालपर्यंतचं आयुष्य कर्मणीतच जगतो, बदलू कसं? पण गुरुजींचा रोख त्यावर नाही, हे कळायला मला बराच वेळ लागला. त्यांचा रोख ‘आपणांस कळविण्यात येते की’ वर आहे. आणि तिथे मी रंगेहाथ सापडले. एकोणीस वर्षं थकबाकीच्या नोटिसा लिहिलेल्या हाताने कथेत काय लिहिलं होतं? ‘मध्यरात्री दार उघडण्यात आलं.’ कुणी उघडलं? संचालक मंडळाने ठराव करून?

रविवार, रात्र

झोप येईना म्हणून दासबोध काढला. आमच्याकडे तो देवाजवळ असतो, त्यामुळे सोळांत मोजला गेला नव्हता. एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेचा. लहानपणी आजोबांनी माझं अक्षर सुधारावं म्हणून पाठ करून घेतला होता, तेव्हा वैताग आला होता. आज नीट वाचला. प्रतिभा वगैरे नाहीच त्यात! पान शिशाने रेखाटून घ्या. दोन ओळींतलं अंतर कमी-जास्त होऊ देऊ नका. शाई काळी कुळकुळीत हवी. पहिलं अक्षर जसं काढलं तसंच ग्रंथ संपेपर्यंत, एकाच टाकाने लिहिल्यासारखं दिसलं पाहिजे. कडेने जागा सोडा, कागद झडला तरी अक्षर झडू नये. आणि हे तर फारच आवडलं: ‘बहु बारिक तरुणपणीं । कामा नये म्हातारपणीं’. चष्म्याचा नंबर वाढलेल्या माणसाची कळकळ आहे ती. नाना देशीचे बोरू आणावेत असंही सांगितलंय, म्हणजे माझ्या पेनखरेदीला आधार मिळाला. घरात वाचून दाखवलं. काही परिणाम नाही.

चौदाव्या दशकात मात्र मी सापडले. तिथे समर्थ कवित्वाचे प्रकार सांगतात, धीट, पाठ, प्रासादिक. मनाला येईल ते बळंच रचलं ते धीट. खूप ग्रंथ पाहिले, पाठ केले आणि त्यांच्यासारखाच उतारा आपणही केला, ते पाठ. मी पुस्तक मिटून ठेवलं. सोळा पुस्तकांचा दाखला एका ओवीत मिळाला.

मंगळवार

अ‍ॅन लॅमॉट नावाच्या अमेरिकन बाईंचं लेखनावरचं एक पुस्तक आहे, १९९४ चं. त्यांचा दहा वर्षांचा भाऊ पक्ष्यांवरचा शाळेचा निबंध तीन महिने लांबवून शेवटच्या रात्री रडकुंडीला आला होता, तेव्हा वडील म्हणाले, एकेक पक्षी घे, बाळा. ते ठीक. मला उपयोगी पडली ती त्यांची दुसरी युक्ती: टेबलावर एक इंचाची रिकामी चौकट ठेवायची आणि तिच्यातून दिसेल तेवढंच लिहायचं.

माझी रखडलेली कथा एसटी स्टँडच्या कंट्रोल केबिनमधल्या बाईची आहे. तिची तीस वर्षांची नोकरी, नवऱ्याचं दारूपायी गेलेलं शेत, मुलीचं लग्न, सगळं एकदम लिहायला जायची आणि पतसंस्थेच्या अहवालासारखं व्हायचं. आज फक्त केबिनची खिडकी घेतली. खिडकीला अर्धगोल भोक, त्याची कडा हात घासून घासून गुळगुळीत झालेली. आत माइक, माइकला जुना हातरुमाल गुंडाळलेला. तो रुमाल कुणाचा, हे मला ती ओळ लिहीपर्यंत माहीत नव्हतं.

अभ्र्याचं लिहिणारा आठवला. त्याने चौकट नव्हती ठेवली, कपडेच मोजायचे होते त्याला.

शुक्रवार

चार दिवसांत काही वाचलं नाही. आज वहीच्या पानाला पट्टीने समास आखला, दोन्ही बाजूंनी, पेन्सिलीने. चिरंजीव मागून वाकून बघत होते.

“आई, परीक्षा आहे का तुझी?”

“नाही रे. तू झोप.”

अकरा ओळी झाल्या. त्यातल्या दोन उद्या जाणार, हे आत्ताच दिसतंय. एक ‘करण्यात आली’ परत घुसलीय. दिवाळी अंकाची मुदत ३१ जुलै. बाई अजून माइकसमोर बसलेली आहे, साडेनऊची मुक्कामाची गाडी लागायची आहे.